मांजराला आपलं खाणं आणि 'चांगली' फॅट द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर पाळणाऱ्यांकडून खाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं धडधाकट, प्रौढ, साधारण ४ किलो वजनाच्या मांजराला धरून आहेत. पिल्लू, गाभण किंवा आजारी मांजराचा हिशेब वेगळा, तो जिथे लागतो तिथे सांगितला आहे. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समज दिसतो: आपल्या तब्येतीला जे चांगलं ते मांजरालाही चांगलंच असणार. फॅटच्या बाबतीत तर हा समज सपशेल चुकतो.

१. आम्ही जेवायला बसलो की मांजर समोर ठाण मांडून बसतं. ताटातलं थोडं दिलं तर काय बिघडतं?

ताटातलं दिलं तर बिघडू शकतं. तोच पदार्थ फोडणीला किंवा मसाल्याला जाण्याआधी बाजूला काढून, नुसता उकडून दिला तर सहसा बिघडत नाही. खरा त्रास चिकन किंवा माशाचा नसतो. त्यावर चढलेलं मीठ, तेल, मसाला आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण त्रास देतात (प्रश्न ९ पाहा).

दुसरी गोष्ट जागेची. घास टेबलापाशी हातून मिळाला की मांजर रोज तिथेच येणार आणि ओरडणार. तोच घास त्याच्या वाटीत, त्याच्या जेवणाच्या वेळी द्या. आणि मांजर मागतंय म्हणजे ते भुकेलंच आहे असं नाही. वास आला म्हणूनही मागतं, तुम्ही बसलेले दिसलात म्हणूनही मागतं.

२. सगळे 'थोडंसंच द्या' म्हणतात. थोडंसं म्हणजे नेमकं किती?

दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंत. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वरच्या खाऊसाठी उरतात २०. त्या २० मध्ये काय बसतं ते पाहिलं की डोळे उघडतात:

- उकडलेलं, बिनकातडीचं चिकन: सुमारे १२ ग्रॅम
- शिजवलेला सामन मासा: सुमारे १० ग्रॅम
- उकडलेलं अंडं: पाव ते जेमतेम एक तृतीयांश
- चीज: ५ ग्रॅम
- लोणी: ३ ग्रॅमच्याही आत
- कुठलंही तेल: छोटा अर्धा चमचा

यातलं कुठलंही एकच, सगळं मिळून नव्हे. विकतची बिस्किटं आणि नळीतला चाटायचा खाऊही याच २० मध्ये मोजायचा. जेवढं वर दिलं तेवढं रोजच्या खाद्यातून कमी करायचं. घरात चार माणसं असतील आणि चौघंही गुपचूप एकेक तुकडा देत असतील, तर आधी ते एकमेकांना सांगा. मांजर सांगणार नाही.

१० टक्क्यांची मर्यादा फक्त वजनासाठी नाही. पूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं खाद्य जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून बनवलेलं असतं. वरचं खाणं वाढत गेलं की ते मोजमाप पातळ होत जातं.

३. मांजराला फॅटची गरज असते का? आम्ही तर कमी फॅटचंच खाद्य शोधत होतो.

असते, आणि चांगलीच असते. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याचं शरीर ऊर्जेसाठी प्रथिनं आणि फॅट यांवर चालायला घडलेलं आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं फॅटसोबतच नीट शोषली जातात, त्वचा आणि केसांची चमकही त्यावर अवलंबून असते. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या 'आफ्को'नुसार मांजराच्या पूर्ण खाद्यात, पाणी वगळून, किमान ९ टक्के फॅट असावी लागते. बाजारातल्या बहुतेक खाद्यांत त्याहून बरीच जास्त असते.

यात एक खास गोष्ट आहे. अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचं एक फॅटी आम्ल शरीराला लागतं. माणूस आणि कुत्रा ते वनस्पती तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून शरीरातच तयार करतात. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम फारच दुबळं असतं, त्यामुळे मांजराला ते तयारच मिळावं लागतं, आणि तयार ते प्राण्यांच्या फॅटमध्ये असतं. तेलाच्या बाटलीत ते नसतं.

वजन कमी करायचं असेल तरी फक्त 'कमी फॅट' हा शब्द पाहून खाद्य घेऊ नका. फॅट काढली की तिची जागा बऱ्याचदा पिष्टमय पदार्थ घेतात. एकूण कॅलरी पाहा, आणि प्रश्न २० वाचा.

४. ऑलिव्ह तेल हृदयाला चांगलं असतं म्हणतात. मग मांजराच्या खाण्यावर थोडं घातलं तर?

विषारी नाही. पण 'हृदयाला चांगलं' हे कौतुक माणसांच्या रक्तवाहिन्यांसाठी आहे. आपल्याकडे चर्चा चालते ती कोलेस्टेरॉल साचून वाहिन्या अरुंद होण्याची आणि त्यातून येणाऱ्या झटक्याची. मांजराला हा आजार सहसा होतच नाही. मांजरांमध्ये सर्वाधिक आढळणारा हृदयविकार म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणं, आणि तेल बदलून त्यात काही फरक पडत नाही. आपल्या डब्यावरचं 'चांगली फॅट' हे बिरुद मांजराच्या वाटीत आलं की निरर्थक ठरतं.

उरतात त्या कॅलरी. छोटा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी, मांजराच्या दिवसभराच्या जेवणाचा पाचवा हिस्सा. आपल्या जेवणाचा पाचवा हिस्सा एका चमच्यात आला तर आपण तो चमचा दोनदा तपासून पाहू. त्यातून शौच पातळ होण्याची शक्यता वेगळीच. डब्यातल्या माशावरचं थेंबभर ऑलिव्ह तेल मांजराने चाटलं तर घाबरू नका, पण मुद्दाम घालायचं काही कारण नाही.

५. आम्ही मांसाहार करत नाही. ओमेगा-३ साठी जवसाचं तेल चालेल का?

मांजराच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी. जवसात ओमेगा-३ आहे, पण ते अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रूपात. शरीराला ओमेगा-३ ची ईपीए आणि डीएचए ही तयार रूपं हवी असतात, आणि तिथवर पोचायला पुन्हा तेच दुबळं एन्झाइम लागतं (प्रश्न ३). ओमेगा-३ द्यायचंच असेल तर ते समुद्री स्रोतातून, म्हणजे माशाच्या तेलातून यावं. काही समुद्री शेवाळांच्या तेलात डीएचए थेट असतं, त्याबद्दल पशुवैद्यांना विचारता येईल.

६. खोबरेल तेल?

मांजरांसाठी हे तेल एवढं का गाजतं ते मला कळलेलं नाही. त्यात लिनोलेइक आम्ल अगदी थोडं, अ‍ॅराकिडोनिक आम्ल नाहीच. बरीच मांजरं त्याची चव लागताच तोंड फिरवतात. अंगाला चोळलं तर मांजर ते चाटूनच काढणार, म्हणजे शेवटी पोटातच. कोरड्या त्वचेवर उपाय म्हणून चोळत असाल, तर आधी त्वचा कोरडी का पडली ते तपासून घ्या. पिसवा, अ‍ॅलर्जी आणि बुरशी तेलाने जात नाहीत.

७. फिश ऑइलच्या कॅप्सूल आम्ही घेतो. त्यातलीच एक फोडून मांजराला दिली तर?

सगळ्या तेलांत उपयोगाचं म्हणावं असं हेच. सांधेदुखी, काही त्वचाविकार आणि किडनीच्या आजारात पशुवैद्य ते सुचवतात. पण ते औषधासारखं, वजनानुसार मात्रा ठरवून. माणसाच्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात, पण कंपनीगणिक हा आकडा खूप बदलतो. 'एक कॅप्सूल' ही मात्रा होऊ शकत नाही.

जास्त झालं तर जुलाब होतात, रक्त गोठायला वेळ लागू शकतो, आणि शरीरातलं ई जीवनसत्त्व खर्ची पडतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे तेल चालू असल्याचं आधी सांगा. खवट वास येणारी बाटली फेकून द्या, मांजरही बहुधा तेच सुचवेल. लिंबाचा स्वाद किंवा गोडवा घातलेलं तेल घेऊ नका.

कॉड लिव्हर ऑइल हे फिश ऑइल नव्हे. ते माशाच्या यकृतातून काढतात आणि त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात. मांजरात दोन्ही साठत जातात. पशुवैद्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ते देऊ नका (प्रश्न १५ही पाहा).

८. मग आपल्या खाण्यातलं निर्धास्तपणे काय देता येईल?

उकडलेलं, बिनहाडाचं, बिनमसाल्याचं चिकन किंवा टर्की. काटे काढून शिजवलेला मासा, अधूनमधून. शिजवलेलं अंडं. उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी चमचाभर, मांजर खात असेल तर. थोडा मोकळा भात नुकसान करत नाही, पण उपयोगही करत नाही. बाकी फळं, ब्रेड, बिस्किटं कशासाठी द्यायची? मांजराने मागितली तरी ती बहुधा त्यातल्या लोण्यासाठी असतात.

९. अजिबात देऊ नये असं काय?

सगळ्यात वर कांदा आणि लसूण, त्यांच्या घराण्यातली पात, लीक, चाइव्ह यांसकट. मग चॉकलेट, कॉफी, चहा, दारू, यीस्ट घातलेलं कच्चं पीठ, द्राक्षं आणि मनुका. द्राक्षांनी किडनी निकामी होते हे मुख्यतः कुत्र्यांत दिसलं आहे, मांजरांतल्या नोंदी कमी आहेत. तरी प्रयोग करायला आपलं मांजर कशाला? झायलिटॉल या गोडव्याबद्दलही तसंच: कुत्र्यांना ते घातक आहे, मांजरं त्यामानाने तग धरतात असं दिसतं, तरी दूरच ठेवा. शिजवलेली हाडं तडकून टोकदार होतात, तीही नकोत. खारवलेलं आणि धुरावलेलं मांस मिठामुळे नको.

१०. कांदा शिजवला की त्याचा जोर जातो ना? रस्सा धुऊन तुकडा दिला तर?

जात नाही. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवून केलेली पूड, सगळे सारखेच धोक्याचे. पूड तर जास्त, कारण पाणी गेल्याने सगळं एकवटलेलं असतं. रस्सा धुतला तरी तुकड्यात मुरलेलं निघत नाही.

कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. मांजराच्या हिमोग्लोबिनची रचनाच अशी आहे की ते या हल्ल्यात इतर प्राण्यांपेक्षा लवकर बिघडतं. पेशींत गाठी धरतात, मग त्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. वजनाच्या दर किलोला ५ ग्रॅम कांदा मांजरात हे घडवायला पुरतो. ४ किलोच्या मांजराला म्हणजे २० ग्रॅम, छोट्या कांद्याचा तुकडा. लसणाला याहूनही कमी पुरतं. रोज थोडं थोडं गेलं तरी नुकसान साठत जातं.

फसवं काय, तर परिणाम लगेच दिसत नाही. मांजर त्या दिवशी मजेत असतं. सुस्ती, फिकट हिरड्या, धाप, लालसर-तपकिरी लघवी ही लक्षणं काही दिवसांनी येतात. आजारी मांजराला बाळांसाठीचं डबाबंद मांस देणाऱ्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर जरूर वाचावं, त्यात कांद्याची पूड असू शकते. पिसवा जाव्यात म्हणून लसूण देणाऱ्यांसाठी: पिसवा जात नाहीत, तांबड्या पेशी मात्र जातात.

११. नको ते खाल्लंच, आता काय करू?

काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा आणि मांजराचं वजन किती, एवढं घेऊन लगेच पशुवैद्यांना फोन करा. वेष्टन असेल तर सोबत न्या. घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी धोक्याचं आहे, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या पोटाला जबर इजा होते. 'लक्षणं दिसली तर नेऊ' हा विचार कांद्याच्या बाबतीत उशीर करवतो.

१२. मांजर आणि दूध हे तर समीकरणच आहे. तेही नको का?

पिल्लाला आईचं दूध पचतं, कारण त्याच्याकडे दुग्धशर्करा (लॅक्टोज) पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम भरपूर असतं. दूध सुटलं की ते घटत जातं. मोठ्या मांजराने वाटीभर गाईचं दूध प्यायलं की बऱ्याचदा गॅस आणि जुलाब होतात. काहींना पचतं. पचत असेल तरी २० किलोकॅलरीच्या हिशेबात सुमारे ३० मिलिलिटरच बसतं. लॅक्टोज काढलेलं दूध पोटाला सोपं, कॅलरी मात्र त्यातही असतात. पिण्यासाठी पाणीच.

आईविना पिल्लू सापडलं असेल तर गाईचं दूध त्याला पुरेसं नाही, मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं फार कमी पडतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच द्या.

कच्चं दूध कुणालाच नको. २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लू झालेल्या गाईंचं कच्चं दूध पिऊन गोठ्यातली मांजरं दगावली.

१३. आमचा बोका आइस्क्रीम, लोणी, चीज यांच्यासाठी वेडा आहे. त्याला गोड आवडतं का?

गोड त्याला कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. ते घरच्या मांजरात चालत नाही, वाघातही नाही, चित्त्यातही नाही. आइस्क्रीममध्ये बोक्याला हवी असते ती मलई, म्हणजे फॅट. साखर तुमच्यासाठी.

चीज आणि लोण्यात दुधाच्या मानाने लॅक्टोज कमी, त्यामुळे पोट बिघडण्याची शक्यताही कमी. अडचण कॅलरीची. चीजमध्ये मीठही बरंच असतं. साधं, बिनगोडाचं दही चमचाभर चालतं. चीज द्यायचंच तर डाळीच्या दाण्याएवढे तुकडे करा. मांजराला तुकड्याचा आकार कळत नाही, तुकडा मिळाला एवढंच कळतं.

१४. मासे तर मांजराचं खरं खाणं ना? रोज टूना दिला तर?

रोज नको. डबाबंद टूना माणसांसाठी बनवलेला असतो, मांजराचा पूर्ण आहार म्हणून नाही. त्याचा वास इतका प्रखर की सवय लागलेलं मांजर दुसरं काही खायलाच तयार होत नाही. मोठ्या माशांत पारा साठतो. आणि असंतृप्त फॅट भरपूर पण ई जीवनसत्त्व अपुरं, अशा माशांवरच वाढलेल्या मांजरांत कातडीखालची चरबी सुजून दुखरी होते. त्या मांजराला हात लावला तरी सोसत नाही.

कच्च्या माशांची वेगळी गोष्ट. अनेक जातींत थायमिनेझ हे एन्झाइम असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. कमतरता वाढली की मांजराची मान खाली झुकते, चाल बिघडते, झटके येतात. शिजवलं की ते एन्झाइम निकामी होतं. तेव्हा मासा शिजवलेला, आठवड्यातून एखाद-दोनदा, डबाबंद असेल तर पाण्यातला, मीठ आणि तेल नसलेला.

१५. कलेजी किती द्यावी?

कलेजीत अ जीवनसत्त्व थेट तयार रूपात असतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून मांजर ते बनवू शकत नाही, म्हणून ही गोष्ट मुळात चांगली आहे. पण जास्तीचं बाहेर टाकता येत नाही. महिनोन्महिने मुख्यतः कलेजीवर ठेवलेल्या मांजरांत मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं, मणके जुळून जातात, मान वळत नाही आणि अंग चाटणंही बंद होतं. पूर्ण खाद्य चालू असेल तर आठवड्यातून एखादा छोटा तुकडा पुरे.

१६. जंगलात मांजर कच्चंच खातं. मग कच्चं मांस का नको?

जंगलातलं मांजर आत्ता मारलेला उंदीर खातं, कापून साठवलेलं चिकन नव्हे. साल्मोनेलासारखे जिवाणू शिजवल्याने मरतात. ते मांजराला त्रास देवोत न देवोत, वाटी धुणाऱ्या माणसाला, घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यांचा धोका आहे. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचंही तेच. कच्च्या कोंबडी-टर्कीतून मांजरांना बर्ड फ्लू झाल्याची उदाहरणंही अलीकडची आहेत. मी शिजवलेलंच द्या म्हणेन. अंड्याचा पांढरा भागही शिजवूनच: कच्च्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं.

१७. मांसाच्या कडेची चरबी, चिकनची कातडी आम्ही टाकूनच देतो. ती प्राण्यांची फॅट आहे, मग मांजराला चांगलीच की?

प्रश्न ३ वाचून हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. मांजर फॅट नीट पचवतं. चरबीयुक्त जेवणाने स्वादुपिंडाला सूज येण्याचा जो संबंध कुत्र्यांत दिसतो, तो मांजरांत तितका स्पष्ट नाही. नखाएवढा कातडीचा तुकडा, साधा उकडलेला, सोसतो.

पण अ‍ॅराकिडोनिक आम्ल हवं म्हणून वेगळी चरबी द्यायची गरज नसते, पूर्ण खाद्यात ते आधीच असतं. भाजलेली कातडी ४-५ ग्रॅम झाली की दिवसाचे २० संपले. भाजताना मीठ-मसाला लागतो तोही कातडीलाच. एकदम जास्त गेली तर उलटी-जुलाब होतात. पूर्वी स्वादुपिंडाचा त्रास झालेल्या किंवा जुनाट आतड्याचा आजार असलेल्या मांजराला नकोच.

१८. केसांचे गोळे निघावेत म्हणून लोणी किंवा तेल चाटवतात. खरंच उपयोग होतो?

नाही. लोणी आणि तेल लहान आतड्यात पचून शोषलं जातं, केसांना वंगण म्हणून उरतच नाही. न पचणारं पॅराफिन तेल पिचकारीने तोंडात घालणं तर सरळ धोक्याचं आहे. त्याला चव नसल्याने ठसका लागत नाही आणि ते फुप्फुसात जाऊ शकतं. रोज विंचरणं हा खरा उपाय. वरचेवर गोळे पडत असतील तर त्वचा आणि आतडी तपासून घ्या.

१९. ओल्या खाद्याच्या डब्यावर फॅट ५ टक्के आणि कोरड्यावर १४ टक्के. म्हणजे ओलं कमी फॅटचं?

उलट. आधी पाणी वजा करा. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ५ भाग फॅट, म्हणजे सुमारे २३ टक्के. कोरड्यात ८ टक्के ओलावा असेल तर ९२ भागांत १४, म्हणजे सुमारे १५ टक्के. तरीही ओल्याच्या एका वाटीत कॅलरी कमी असतात, कारण वाटीचा बराच भाग पाण्याने भरलेला असतो.

२०. मांजर लठ्ठ झालंय. दोन दिवस उपाशी ठेवून वजन उतरवलं तर?

हे मात्र कधीही करू नका. मांजराने, त्यातून लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर शरीरातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृताला ती आवरत नाही. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात, मग नळीने भरवावं लागतं, आणि जीवही जातो. म्हणूनच 'भूक लागली की खाईल' ही युक्ती नवीन खाद्याची सवय लावतानाही वापरायची नाही. मांजराने पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर पशुवैद्यांना फोन करा.

वजन आठवड्याला अर्धा ते दोन टक्के या वेगाने उतरावं, ४ किलोला २० ते ८० ग्रॅम. खाद्य चमच्याने किंवा कपाने न मोजता काट्यावर तोला.

२१. विकतचं बंद करून सगळं घरीच शिजवायचं म्हटलं तर?

जमतं, पण नुसतं मांस-भात म्हणजे पूर्ण आहार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. टॉरिन हे मांजराला लागणारं अमिनो आम्ल शिजवताना पाण्यात उतरतं, ते पाणी फेकलं की तेही गेलं. टॉरिन किती मोलाचं ते १९८७ मध्ये कळलं: अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी दाखवलं, की हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांत टॉरिनची कमतरता आहे आणि ते दिल्यावर मांजरं सुधारतात. मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार विरळ झाला. घरी शिजवणारे नकळत त्या आजाराकडे परत जाऊ शकतात. पशु-आहारतज्ज्ञाकडून पाककृती आणि पूरक पावडर ठरवून घ्या, आणि पाककृतीत मनाने बदल करू नका. कुत्र्याचं खाद्यही मांजराला नेहमीसाठी चालत नाही, कारण त्यात टॉरिनची हमी नसते.

घरात मांस शिजत नसेल तर विकतचं पूर्ण खाद्य हाच सरळ मार्ग. मांजराला आपल्या ताटावर आणू नका.

२२. गोळी लोण्यात लपवून दिली तर चालेल?

वाटाण्याच्या अर्ध्याएवढ्या लोण्यात किंवा चीजमध्ये, हो. काही प्रतिजैविकं दुधाच्या पदार्थांसोबत नीट शोषली जात नाहीत, तेवढं विचारून घ्या. पण गोळी रोजच्या जेवणात कालवू नका. कडू चव लागली तर मांजर गोळीवर नव्हे, त्या खाद्यावर कायमचा राग धरतं.

२३. आमची मांजर म्हातारी आहे, किडनीचा आजार आहे. पथ्याचं खाद्य खात नाही, टूना दिला तर खाते. काय करू?

इथे वरचे बरेच नियम वाकतात. पथ्याच्या खाद्यात फॉस्फरस कमी ठेवलेला असतो आणि त्याने फायदा होतो. पण वाटीत पडून राहिलेल्या पथ्याचा काहीच फायदा नाही, आणि उपाशी राहण्याचा धोका प्रश्न २० मध्ये आलाच आहे. त्या दिवशी ती जे खाईल ते द्या आणि पशुवैद्यांना तसं सांगा. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधं असतात, बऱ्याचदा अडचण चवीची नसून मळमळीची असते.

पथ्याचं खाद्य अंगाइतकं कोमट करून पाहा, वास वाढतो. त्यावर टूनाचा नव्हे तर साध्या उकडलेल्या चिकनचा चमचाभर पातळ रस घाला, कांदा आणि मीठ न घातलेला. मळमळ चालू असताना नवीन पथ्य सुरू करू नका, ती त्या वासाचा संबंध त्रासाशी जोडते आणि बरी झाल्यावरही खात नाही. जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवडे घ्या. तरीही ती एकाच ब्रँडला नकार देत असेल, तर दुसऱ्या कंपनीचं किडनीचं खाद्य मागा. ओलं आणि कोरडं, दोन्ही प्रकारांत ते मिळतं.